मिशन शाळेचा इतिहास लिहिताय? आधी दाखल-खारीज काढा

नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या चर्चच्या प्राथमिक शाळांच्या स्मरणिका चाळा. सुरुवात ठरलेली: स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले, 1846 मध्ये शाळा काढली, 1863 मध्ये टाकळघाटजवळ पुरात बुडाले. मग थेट कोनशिला आणि मुख्याध्यापकांचे फोटो. अहो, पण हिस्लॉपची ती शाळा शहरातली. तुमच्या गावचं काय? ते दाखल-खारीज रजिस्टरात, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक पोराच्या नोंदवहीत आहे, आणि टीसी मागायला कोणी आल्याशिवाय ते कपाटाबाहेर निघत नाही.

कोनशिलेवरचं साल इमारतीचं. वर्ग बरेचदा त्याआधीपासून भरत असतात. आठवडाभर शाळा, रविवारी त्याच खोलीत उपासना. म्हणून सगळ्यात जुन्या रजिस्टरचा पहिला अनुक्रमांक बघा. तो 1 नसेल तर आधीचं रजिस्टर गहाळ आहे. 1 असला तरी हुरळून जाऊ नका. चार-पाच वर्षांच्या नोंदी एकाच हाताच्या, एकाच शाईच्या दिसल्या, तर जुनं रजिस्टर फाटल्यावर कोणी तरी नावं उतरवून काढलीत. उतरवताना गाळलेली नावं हजेरीपटात सापडतात, तो ठेवला असेल तर.

जन्मतारखांवर विसंबू नका. 1 जुलैवाले ढिगाने भेटतील; गुरुजींनी अंदाजाने वय धरून टाकलेली ती तारीख. 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना मात्र ओळ न् ओळ वाचा. 'सतत गैरहजर' हा शेरा कापूस वेचणीच्या महिन्यांतच वाढतो का, मुली कोणत्या इयत्तेत गळतात, हे मोजा. माझ्या मते शाळेचा खरा इतिहास हाच. पाद्रीसाहेबांची यादी परिशिष्टात टाका.

सरकारी कागदही असतात. 1854 च्या वूडच्या खलित्यानंतर, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षणधोरणाच्या पत्रानंतर, अनुदान आलं, त्यासोबत तपासणी आली. पण नागपूर आधी मध्य प्रांतात, मग 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होतं, जनपद सभा (तेव्हाच्या स्थानिक स्वराज्य संस्था) 1948 च्या कायद्याच्या, जिल्हा परिषदा 1962 पासूनच्या. 1935 ची फाइल जिल्हा परिषदेत नाही म्हणाले, म्हणजे ती जळाली असं नव्हे. अभिलेखागारात विचारा.

आणि कृपा करून फाटक्या पानांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. टेपचा डिंक पिवळा पडून अक्षरंच खातो. फ्लॅश बंद करून, सावलीच्या उजेडात, मोबाइल पानाला समांतर धरून फोटो काढा. डावं-उजवं पान एकाच फोटोत घ्या, कारण एका पोराची नोंद दोन्ही पानांवर पसरलेली असते.