'सहल' या शब्दावरून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

नळदुर्ग ते असई या तीन दिवसांच्या भटकंतीवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "हुतात्म्यांच्या जागी सहल काढायची आणि धबधब्याचे फोटो टाकायचे, ही कसली देशभक्ती?" हे वाक्य जिव्हारी लागलं. चूक दाखवा, ऐकून घेईन. पण ओळख ना पाळख, माझ्या मनात काय आहे हे तुम्ही कसं ठरवलंत?

हैदराबाद संस्थानाच्या शरणागतीच्या तारखेबाबत तुमचं बरोबर. निजामाची युद्धबंदीची घोषणा १७ सप्टेंबर १९४८ ची. त्याचे सेनापती जनरल एल एद्रूस यांनी भारतीय फौजेच्या जनरल चौधरींपुढे रीतसर शरणागती पत्करली ती १८ ला. दुरुस्त केलं.

आता सहल. माझे आजोबा नळदुर्गजवळच्या खेड्यातले. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या धाकानं बैलगाडीत भांडीकुंडी टाकून सोलापूरकडे गेलेल्या घरांपैकी आमचं एक. मी सात वर्षांचा असताना त्यांनी मला एसटीनं नळदुर्गला नेलं. फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. आधी पाणीमहाल दाखवला, नर-मादी धबधबा दाखवला, मग बोरीच्या काठावर उभं करून म्हणाले, "१३ सप्टेंबरला भारताची फौज आली ती इथनं." पुढं बोलवेना त्यांना.

त्या दिवसामुळंच मोठेपणी मी शोध घेतला आणि हवालदार बचित्तरसिंग सापडले. त्या फौजेतल्या २ शीख पलटणीचे, अमृतसर जिल्ह्यातले. मांडीत गोळ्या घुसल्या तरी सरपटत पुढं गेले, दोन हातबॉम्ब टाकून समोरचा मारा बंद पाडला, मागं न्यायला आलेल्यांना नकार दिला आणि तिथंच गेले. अशोकचक्राचे पहिले मानकरी. पंजाबचा माणूस आमच्या सुटकेसाठी आमच्या मातीत पडला, हे मला सहलीनं दिलं. तुम्ही मात्र धबधब्याचे फोटो सहा आणि त्यांच्यावर एकच ओळ, असं मोजत बसलात. मोजा खुशाल.

असईच्या १८०३ च्या इंग्रज-मराठा लढाईबद्दल मी इंग्रजांच्या नजरेनं लिहिलं, हे तुमचं म्हणणं मान्य नाही. शिंद्यांच्या तोफखान्याबद्दल तिथं लिहिलंय, नीट वाचा. बाकी मुद्द्यांत शिरत नाही.

येत्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, सकाळी संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात, स्मृतिस्तंभापाशी मी मुलीला घेऊन असेन. सोबत डबाही असेल. या, समोरासमोर बोलू.