अविचार की निष्काळजीपणा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नाशिकच्या होळकर पुलावरून निर्माल्याची पिशवी गोदावरीत सोडणाऱ्या गृहस्थांबद्दल लिहिताना मी 'अविचार' म्हटलं, ते तुम्हाला खटकलं. साधा निष्काळजीपणा तो, पुस्तकी शब्द वापरून माणसाला आरोपी का करता, आणि अर्थ शेवटी एकच ना, असं तुमचं म्हणणं. अर्थ एकच आहे हे मला पटत नाही.

त्या गृहस्थांचंच बघा. देवाची फुलं त्यांनी केरात जाऊ दिली नाहीत, घंटागाडीत टाकली नाहीत. पायदळी येऊ नयेत म्हणून पिशवीला घट्ट गाठ मारली, गाडी कडेला घेतली, हात जोडले आणि मग पिशवी सोडली. याला निष्काळजी कसं म्हणायचं? काळजी पुरेपूर होती. गाठ मारलेल्या त्या प्लॅस्टिकचं पाण्यात पुढे काय होणार, एवढंच मनात आलं नाही. उलट 'निष्काळजी' म्हटलं तर त्यांच्या भक्तिभावावर अन्याय होतो. गोदेच्या वाट्याला असा श्रद्धेनं केलेला अविचारच फार आला आहे, आणि त्याचं मला खरोखर वाईट वाटतं.

'अ' लागला म्हणून विचारच नाही, असंही नसतं. रागानं घराबाहेर पडणाऱ्या मुलाला आई म्हणते, "काही अविचार करू नकोस रे." त्या पोराच्या डोक्यात तेव्हा विचारांचं काहूर माजलेलं असतं, सुटलेला असतो तो सारासार. तिथे "निष्काळजीपणा करू नकोस" म्हणून बघा, वाक्य उभंच राहत नाही. आणि जो शब्द आईच्या तोंडी इतक्या सहज येतो, त्याला पुस्तकी तरी कसं म्हणावं?

अपघाताच्या बातम्याही वाचा. द्वारका चौक असो की मुंबई नाका, 'अविचाराने व हयगयीने वाहन चालवून' हे शब्द फिर्यादीतून तसेच छापून येतात. हयगय म्हणजे तुमचा निष्काळजीपणाच. अशा कृतीतून मृत्यू घडवण्याबद्दलच्या, जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४अ मध्ये 'रॅश' (अविचारी) आणि 'नेग्लिजन्ट' (हयगयीचं) यांच्यात 'किंवा' होता, म्हणजे दोन्ही गोष्टी वेगळ्या धरल्या होत्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्येही तो तसाच आहे. ब्रेक लागत नाहीत हे ठाऊक असून गाडी गॅरेजला न नेणं ही हयगय. समोरचं दिसत नसताना वळणावर ओव्हरटेक करणं हा अविचार.

एका ठिकाणी मात्र तुमचं बरोबर आहे. लेखाच्या शेवटी आमच्या कॉलनीतल्या उघड्या चेंबरलाही मी 'अविचार' म्हटलं होतं. काम झाल्यावर झाकण परत बसवायचं राहून गेलं, यात निव्वळ हयगय आहे. तो शब्द आज बदलला. पुलावरचा तसाच ठेवतो आहे.