रूट पाठवतो, पण आधी हे वाचा

पाऊस ओसरला, चतुर्थी आणि दिवाळी आटोपली की इनबॉक्समध्ये एकच प्रश्न सुरू होतो. "गोव्यात सायकलीसाठी शांत रस्ते कुठले? रूट पाठव ना." पूर्वी पुण्या-मुंबईचे मित्र विचारायचे, आता पणजी-म्हापशाचेही विचारतात. सांगायला माझी अजिबात हरकत नाही. पण नुसती नकाशाची लिंक पाठवायला हात धजत नाही, कारण तो रस्ता शांत का आहे ते नकाशावर कळत नाही. आपल्या गोव्यात कुठलाच रस्ता उगीच शांत राहिलेला नाही. कुठे पूल नाही, कुठे खाण बंद पडलेली, कुठे खाजनाचा, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेताचा, बांध एका गाडीपुरताच रुंद. यातली एकही गोष्ट आपल्या सायकलींची सोय म्हणून झालेली नाही. एवढं ध्यानात ठेवून फिरणार असाल तर पुढे वाचा.

दिवाडी बेटापासून सुरुवात करू. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून रस्ता थेट फेरीच्या धक्क्यावर उतरतो. बोटीत चढताना सायकलवरून खाली उतरा. ती लोखंडी फळी कायम ओली असते आणि पातळ टायर तिथे हमखास घसरतो. पलीकडे लागलात की दोन्ही बाजूंना भातशेती, पाणथळ, बगळे, आणि मधोमध सरळ सपाट रस्ता. बेटावर चढ असा एकच, पिएदादच्या चर्चचा. छोटा पण खडा. वर पोहोचल्यावर फोटो काढून लगेच उतरू नका. चर्चशेजारच्या दफनभूमीत एक छोटं कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, आहे, त्याचं कोरीव छत कदंबांच्या काळातलं. मंदिराचा एवढाच तुकडा तिथे उरलाय आणि शेकडो लोक त्याच्या बाजूने निघून जातात.

तिथून बेटाच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या नार्व्याला. सप्तकोटेश्वर मूळचा इथला. गोव्याच्या कदंब राजांचा हा कुलदेव, त्यांच्या नाण्यांवरसुद्धा 'सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' अशी अक्षरं आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, भाविकांनी लिंग नदीपार डिचोलीच्या बाजूला नेलं. तो भाग तेव्हा पोर्तुगीजांच्या हाताबाहेर होता. पुढे 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्या नव्या जागेवरच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, तो शिलालेख आजही दारावर आहे. आता सायकलवाल्याच्या कामाची गोष्ट अशी, की दिवाडीहून या पलीकडच्या नार्व्याला दुसरी फेरी जाते. म्हणजे देव ज्या पाण्यावरून गेला त्याच पाण्यावरून तुम्ही सायकल घेऊन जाता. पाचेक मिनिटांचं पाणी. पण एकेकाळी ती दोन राज्यांमधली सरहद्द होती, आणि ती अजून दिसते. अलीकडे वाटेवर पांढरे खुरीस (क्रूस), बलकांवची, म्हणजे पुढे बसायच्या ओसरीची घरं. पलीकडे उतरलात की अंगणात तुळशी, माडा-पोफळीच्या बागा, आणि उतरत्या कौलांचं ते देऊळ. जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी आणि नंतर जिंकलेले भाग, आपण शाळेत पाठ केले. फरक प्रत्यक्ष बघायचा तर ही फेरी पकडावी. गाडीतून काच वर करून गेलात तर यातलं काहीच लक्षात येणार नाही.

आता शांततेचं कारण. दिवाडीवर पूल नाही. बेटावर पूल हवा की नको हा वाद जुना आहे, आणि बाहेरच्या सायकलवाल्याने त्यात "नको हो, किती छान आहे असंच" म्हणणं मला पटत नाही. एकदा फेरीवर एका अंकलनी मला ऐकवलं होतं, "पूल जालो जाल्यार तुमची शांतताय वतली आनी आमचे त्रासय वतले." (पूल झाला तर तुमची शांतताही जाईल आणि आमचे त्रासही जातील.) रात्री-अपरात्री माणूस आजारी पडला तर धक्क्यावर बोटीची वाट बघत बसणारे ते, मी नव्हे. शेजारच्या चोडण बेटाला 2025 मध्ये रो-रो बोटी (एका टोकाने गाड्या चढतात, दुसऱ्या टोकाने उतरतात अशा) आल्या, त्याने तिथल्या लोकांचा बराच वेळ वाचला. बेटवाल्यांनी काय ते ठरवावं. तोवर आपण एवढं तरी करावं, की सकाळच्या फेरीला कामावर जाणाऱ्यांच्या आधी पुढे घुसून दहा सायकली आडव्या लावू नयेत. (रविवारी ग्रुपने येणाऱ्यांनो, हे तुम्हालाच आहे.)

खाजनाचे रस्ते हा माझा सगळ्यात आवडता प्रकार. चोडण, दिवाडी, कुंभारजुवे, हळदोणे, सगळीकडे नदीकाठी हे बांध आहेत. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून आपल्या पूर्वजांनी चिखल, चिरे, गवत वापरून ते घातले. बांधात मध्येच मानस, म्हणजे पाण्याचं दार, असते. सायकल टेकवून ती एकदा नीट बघाच. लाकडी झडपा. भरतीचं पाणी नदीकडून ढकलतं तशा त्या आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतलं पाणी जोर करतं आणि त्या उघडतात. मोटर नाही, वीज नाही, माणूससुद्धा लागत नाही. तिथेच मासळी धरतात, म्हणून मानशीचा लिलाव होतो. आत कोरगुटासारखं खारं पाणी सोसणारं भात. बांध फुटला आणि तो वेळेत बुजवला नाही की शेतात खारफुटी उगवते, मग ते शेत परत मिळवणं महाकठीण. म्हणून या बांधांवर जडशीळ डंपर नेऊन 'रस्ता सुधारणा' चाललेली दिसली की माझं डोकं फिरतं. बांध हा आधी बांध आहे, त्यावरून वाट जाते ही वरची मिळकत.

चांगला रस्ता ओळखायची माझी खूण सांगतो. ज्या रस्त्यावर पोदेर, म्हणजे आपला पाववाला, पहाटेच्या अंधारात, मागे उंड्या-पोळ्यांची भली मोठी टोपली बांधून, एका हाताने भोंपू वाजवत निर्धास्त जातो, तो रस्ता सायकलीचा. आपण महागडी सायकल आणि घट्ट कपडे घालून 'सायकलिंग कल्चर' वगैरे बोलतो. गोव्यात ते पोदेराने कधीचंच रुजवलंय, आणि तो गिअरही बदलत नाही. पण आता बरेच पोदेर स्कूटरवर आलेत. काहींनी वयामुळे सायकल सोडली असेल, पण एकाने मला सरळ सांगितलं, की भरधाव रेंटच्या गाड्यांची भीती वाटते.

डिचोली-साखळीकडचं कारण वेगळं आणि जास्त अडचणीचं. नार्व्याहून डिचोली, साखळी करत हरवळ्याला जाता येतं. तिथे जांभ्यात कोरलेल्या गुंफा आहेत, साधारण सहाव्या-सातव्या शतकातल्या. लोक पांडवांच्या म्हणतात. बाजूला धबधबा आणि रुद्रेश्वर. या पट्ट्यात एकेकाळी खनिज वाहणाऱ्या टिपर ट्रकच्या रांगांतून सायकल चालवणं म्हणजे जिवाशी खेळ होता. घरी पोहोचलो की रुमाल तांबडा. 2012 मध्ये खाणी थांबल्या, मध्ये थोड्या चालल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींची 88 लीज रद्द केल्यावर पुन्हा ठप्प. त्या वर्षांत आम्हा सायकलवाल्यांची चंगळ होती. मीही तेव्हा उत्साहाने फोटो टाकायचो, हिरवागार रिकामा रस्ता. आणि त्याच रस्त्यावर घराघरांपुढे टिपर गंजत उभे होते, टायर काढून विटांवर ठेवलेले, मागे बँकेचे हप्ते. 2024 पासून डिचोलीत खाण पुन्हा सुरू झाली. त्याबद्दल मला आनंद झाला की वाईट वाटलं, विचाराल तर दोन्ही. धूळ मला नकोय. पण माझ्या रविवारच्या फेरफटक्यासाठी तालुक्याने घरी बसावं असंही म्हणवत नाही. वाहतुकीला गावाबाहेरून वेगळी वाट द्यावी ही मागणी गावकरीच वर्षानुवर्षं करतायत, त्यात आपला आवाज मिळवायला काय हरकत आहे?

तांबडी सुर्लाबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. पणजीहून 65 किलोमीटरच्या आसपास. बाराव्या-तेराव्या शतकातलं काळ्या बेसॉल्टचं देऊळ. आपल्याकडे सगळा जांभा, म्हणजे तो दगड घाटाकडून आणलेला. साकोर्ड्यापासून पुढचा रस्ता अभयारण्याच्या सावलीतला, मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर वाटेत बोंडूंचा (काजूच्या फळांचा) वास असा काही येतो की पेडल आपोआप मंदावतं. पाणी भरपूर न्या.

दक्षिणेत मात्र एक वाट अशी आहे जिच्याबद्दल लिहावं की नाही याचा मी खूप विचार केला. चांदरपासून सुरू होते. कदंबांची जुनी राजधानी, कोटात शिर तुटलेला नंदी अजून बसलेला आहे. तिथून केपे आणि मग कुशावतीच्या कडेकडेने रिवणच्या दिशेने. चढउतार बरे, गाड्या कमी, गावचे कुत्रे जास्त. (भुंकले तर थांबा आणि बोला, पळालात की मागे लागतात.) या वाटेवर उसगळीमळ. नदीकाठच्या जांभ्याच्या सपाट कातळावर प्रागैतिहासिक माणसाने बैल, हरणं, माणसं कोरलीत, आणि एक गोल चक्रव्यूह. 1990च्या दशकात गावकऱ्यांनी सांगितलं तेव्हा कुठे पुरातत्त्ववाल्यांना त्यांचा पत्ता लागला.

विचार यासाठी केला, की पर्र्याच्या माडांच्या रस्त्याचं काय झालं ते आपण बघितलं. सिनेमात आला, रील्समध्ये आला, आणि गावकऱ्यांना स्वतःच्या रस्त्यावरून जाणं मुश्कील झालं. पंचायतीने फोटोवर कर लावायची वेळ आली. मग यावर सरकारी उत्तर ठरलेलं असतं, रस्ता रुंद करा. रुंदीकरणात आधी चिऱ्यांचे गडगे जातात, मग विहीर, मग वडाचा पार, आणि सगळं जाऊन हॉटमिक्स पडलं की गाड्या दुप्पट वेगाने धावतात. मला वेगळा सायकल ट्रॅक नको. रंगवलेली पट्टी नको, उद्घाटन तर मुळीच नको. आतले रस्ते आहेत तेवढेच अरुंद राहू देत आणि तिथे ताशी 30च्या वर कोणी जाणार नाही याची व्यवस्था करा. एवढ्याने शाळेची मुलं, पोदेर आणि आम्ही, सगळ्यांचं भागतं.

उसगळीमळला जाणार असाल तर पाऊस थांबल्यावर जा, पावसात कुशावती कातळावर चढते. बूट बाहेर काढा, क्लीटवाले (तळाला पेडलमध्ये अडकणारी टणक पट्टी असलेले) तर नक्कीच. सायकल कातळावर आणू नका. आणि चित्रं फोटोत उठून दिसावीत म्हणून खडूने रेघा ओढू नका, सकाळचं तिरपं ऊन पडलं की ती तशीच स्पष्ट दिसतात. साडेसहाला केप्याहून निघालात तर वेळेत पोहोचाल.