दाढ काढण्याआधीच हाडाचं विचारा

दात काढल्यावर त्या जागी हाडाची भर घालणं (ग्राफ्ट) म्हणजे निव्वळ बिल फुगवणं, असं तुमच्या लेखात म्हटलंय. कळकळीने सांगते, सरसकट असं लिहू नका. माझ्या आईची खालची दाढ गिरगावात काढली तेव्हा ग्राफ्टचा विषयच कुणी काढला नाही. दोन वर्षांनी इम्प्लांटसाठी, म्हणजे हाडात स्क्रूसारखा रोवायच्या कृत्रिम दातासाठी गेलो तर स्कॅनमध्ये हाडाची कड सुरीच्या पात्यासारखी बारीक! दात गेला की हाडाची रुंदी वर्षभरात जवळपास निम्म्यावर येऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या ३ महिन्यांतच होते.

माझ्या वेळी मी आधीच विचारलं. दाढ निघाल्याबरोबर खळग्यात जाड रव्यासारखे पांढरे दाणे भरले, वर कोलॅजनचा पातळ पडदा, दोन टाके. ४ महिन्यांनी इम्प्लांट बसला. हे दाणे बऱ्याचदा गाईच्या हाडापासून केलेले असतात, कृत्रिमही मिळतात. आमची आई माळकरी, तिच्यासारख्यांना हे आधी सांगायलाच हवं.

अक्कलदाढ असेल, किंवा तिथे पुढे इम्प्लांट बसवायचाच नसेल, तर बहुतेकदा गरज नसते. खर्चाची धास्ती असेल तर नायरच्या दंत महाविद्यालयात नाहीतर सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात आधी दाखवून या.