पावणेदोन अर्जदार

गेल्या पंधरवड्यात शासनदरबारी माझी एक नवी नोंद झाली. ती जमीनमालक म्हणून नाही आणि करदाता म्हणूनही नाही. ती उंची मोजण्याचे एकक म्हणून झाली. नदीकाठच्या माझ्या जमिनीच्या पंचनाम्यात, सहीशिक्क्यानिशी, असे वाक्य आहे : 'सदर ठिकाणी सन २०२१ च्या महापुराचे पाणी अर्जदाराच्या उंचीच्या अंदाजे पावणेदोन पट चढले होते, असे पंच सांगतात.' माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. हे वाक्य वाचून माझी पत्नी जितकी हसली तितकी ती लग्नानंतर कधी हसल्याचे मला आठवत नाही. मला मात्र त्यातल्या 'अंदाजे' या शब्दाचा अजून राग आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. वाशिष्ठीच्या खोऱ्यात, गावाचे नाव न सांगितलेलेच बरे, मी एक एकरभर वरकस, म्हणजे भातशेतीला न चालणारी हलकी, जमीन घेतली आणि तिच्यावर एक लाकडी केबिन ठेवण्याचे ठरवले. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. पण आजोबांच्या कृपेने माझे नाव एका सातबाऱ्यावर चाळीसएक चुलतभावांच्या घोळक्यात उभे असल्यामुळे, कुळीथ आणि मटकी यांतला फरक न कळूनही मी कायद्याने शेतकरी आहे. विकणाऱ्यांची बाजू अधिक अवघड होती. मूळ मालक केव्हाच वारले होते आणि त्यांचे वारस विरार, डोंबिवली व सुरत अशा त्रिस्थळी विखुरले होते. त्यांतल्या एका आत्याबाईंनी सही करण्यापूर्वी, जमिनीतल्या फणसावर त्यांचा आजन्म हक्क राहील असे माझ्याकडून वदवून घेतले. तो फणस बरका निघाला, हा वेगळा विषय आहे.

वाशिष्ठीच निवडण्यामागे माझा एक हिशेब होता. कोकणातल्या बहुतेक नद्या शिमग्यापर्यंत दगडगोट्यांवर येतात. वाशिष्ठी तशी येत नाही, कारण ती अर्धी घाटावरची आहे. कोयनेचे पाणी निसर्गाच्या इच्छेप्रमाणे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जायला हवे होते. त्यातले दरवर्षी सुमारे ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरवले जाते, पोफळी आणि अलोऱ्याच्या बाजूला त्यावर वीज तयार होते, आणि काम संपलेले ते पाणी वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीकडे सोडून दिले जाते. म्हणजे मुंबई-पुण्याकडे दिवे जास्त लागले की माझ्या जमिनीखालची नदी भर उन्हाळ्यात वाढणार, ही कल्पना मला फार काव्यमय वाटली होती. पावसाळ्यात तिथे काय होते, याबद्दल दलालाने मौन पाळले. केबिनवाल्याने तर त्याहून मोठा दिलासा दिला. 'हिला पायाच नाही, साहेब,' तो म्हणाला, 'मग परवानगी कशाची घ्यायची?' पुढे मी विकास नियंत्रण नियमावली उघडली, तेव्हा कळले की कोणत्याही साहित्याची आणि कोणत्याही हेतूने केलेली रचना म्हणजे इमारत होय. तिला पाया असो वा नसो, माणूस तिच्यात राहो वा न राहो. मी कायदा मानणारा मनुष्य आहे. मी अर्ज केला.

नदीकाठच्या अर्जात कळीचा प्रश्न पूररेषेचा असतो. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, दोन्हींच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र आणि लालच्या पलीकडे मोकळा श्वास, अशी ही सुटसुटीत व्यवस्था आहे. अडचण एवढीच होती की माझ्या गटापाशी या रेषा कोणी आखलेल्याच नव्हत्या. एका कार्यालयाने सांगितले की रेषा दुसरे कार्यालय आखते. दुसऱ्याने सांगितले की पहिल्याने मागणी केल्यास आखता येईल. आणि तोवर स्थळपाहणी करून स्थानिकांचे जबाब घ्यावेत, असे ठरले. तत्पूर्वी जमिनीची मोजणी झाली होती. तिला रोव्हर नावाचे यंत्र आले होते. ते आकाशातल्या उपग्रहांशी बोलून हद्दीचा दगड काही सेंटिमीटरच्या अचूकतेने सांगते. त्यामुळे स्थळपाहणीलाही असेच काहीतरी दिव्य येईल, अशी माझी समजूत झाली होती.

प्रत्यक्षात सर्कलसाहेब, म्हणजे महसूल खात्याचे मंडळ अधिकारी, आले, पदाचे नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झालेले पण गावात अजून तलाठीच म्हणवले जाणारे गृहस्थ आले, एक शिपाई आला आणि निमंत्रण नसताना नाना आले. मोजपट्टी आली नाही. ती दुसऱ्या एका पाहणीला गेली होती. नाना पलीकडच्या वाडीतले, पंचाहत्तरीच्या पुढचे, हातात काठी आणि ऐन वैशाखात काखेत छत्री. त्यांना २००५ आणि २०२१ या दोन्ही पुरांची माहिती तोंडपाठ असल्यामुळे त्यांना तत्काळ पंच करण्यात आले.

'पुराची खूण कुठं आहे?' सर्कलसाहेबांनी विचारले.

'विजेच्या खांबावर होती,' नाना म्हणाले.

'खांब कुठं आहे?'

'तो पुरात गेला.'

दुसरी खूण शेजाऱ्याच्या विहिरीच्या भिंतीवर होती; तिच्यावर त्याने मुलीच्या लग्नात चुना मारला होता. सर्कलसाहेब निराश होऊ लागले, तेव्हा नानांनी काठी उचलून नदीकडच्या करंजाकडे दाखवली. त्याच्या एका फांदीला २०२१ सालच्या जुलैत अडकलेले गोणपाट अजून लोंबत होते. पाणी तिथवर आले होते, याला तो करंजच साक्षीदार होता. आता जमिनीपासून गोणपाटापर्यंतची उंची तेवढी मोजायची राहिली, आणि सर्वांच्या नजरा हळूहळू माझ्याकडे वळल्या.

'पावणे, जरा उभे राहा बघू खाली,' नाना म्हणाले.

मी उभा राहिलो. मंडळी दहा पावले मागे सरकली आणि एकेक डोळा मिटून माझ्याकडे पाहू लागली.

'हनुवटी वर. चपला काढा, पुरात चपला टिकत नाय.'

मी चपला काढल्या. खाली दगड तापलेले होते. टोपी उंचीत धरायची की नाही, यावर शिपाई आणि तलाठी यांच्यात मतभेद झाला. शिपायाचे म्हणणे असे की टोपी घातलेल्या स्थितीतच अर्जदार हजर झाला आहे. सर्कलसाहेबांनी टोपी काढण्याचा निर्णय दिला. मग नानांनी काठीने हवेत माझ्या डोक्यावर दुसरा मी ठेवला.

'एकावर एक दोन पावणे ठेवले तर जास्त होतात,' ते विचार करून म्हणाले. 'वरचा पावणा छातीपर्यंत धरा. त्याच्या वरचं मुंडकं सोडून द्या.'

'म्हणजे पावणेदोन,' तलाठी लिहिता लिहिता म्हणाले.

'पावणेदोन पावणे,' नानांनी शिक्कामोर्तब केले. 'पाच सालच्या पुराला तुमच्यातला एकच पुरला असता. एकवीसला नाय पुरत.'

अंग भाजत असतानाही शास्त्राची बाजू मांडावी म्हणून मी नानांना सांगू लागलो की शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ शंभर वर्षे थांबून येणे असा नसून, दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता एक टक्का असते असा आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

'म्हणजे नदीला पण नक्की माहीत नाय,' ते म्हणाले, आणि सर्कलसाहेबांनी मान डोलावली.

त्यानंतर माझ्या केबिनचे चित्र सर्वांच्या हातांतून फिरले. तिची उंची साडेआठ फूट आहे, हे ऐकून नानांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि पूर आल्यास छप्पर अर्धा फूट खाली राहील, असे सांगितले. हा हिशेब, मला मान्य केले पाहिजे, बरोबर होता. चित्रातल्या नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या त्यांना विशेष आवडल्या. वाशिष्ठीत मगरी आहेत आणि पावसाळ्यात त्या कधीमधी चिपळुणात रस्त्यावरही येतात, हे मला वर्तमानपत्रातून माहीत होते. परंतु त्या उन्हाला नेमक्या माझ्याच काठावर येतात, ही माहिती नवीन होती. 'पायऱ्या असल्या तर बरंच,' नाना म्हणाले. 'त्यांना चढायला त्रास होतो.'

पंचनाम्यावर सह्या झाल्या. परतताना नाक्यावरच्या दुकानात मी पाण्याची बाटली मागितली, तर दुकानदाराने आतल्या पोराला हाक मारली, 'पावणेदोनना पाणी दे रे.' बातमी माझ्याआधी तिथे पोहोचली होती.

आता यातली थट्टा थोडी बाजूला ठेवतो. नियम चुकीचा आहे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. २२ जुलै २०२१ ला या खोऱ्यातल्या लोकांनी छपरांवर बसून काय पाहिले, ते त्यांच्याच तोंडून मी ऐकले आहे. कोणते पाणी पावसाचे, कोणते धरणाचे आणि किती दोष नदीतल्या गाळाचा, यावर ते अजून भांडतात, आणि २००५ नंतर सोळाच वर्षांत हे पुन्हा भोगावे लागलेल्यांना भांडण्याचा अधिकार आहे. नदीच्या वाटेत कोणी घर बांधू नये, हे मला पटते. मला न पटणारी गोष्ट पलीकडच्या काठावर आहे. तिथे अगदी पाण्याला लागून एक रिसॉर्ट उभे आहे. त्याला तरणतलाव आहे, शनिवारी रात्री रंगीत दिवे आहेत, आणि त्याच्या मालकाला कोणीही अनवाणी उभे करून त्याच्या डोक्यावर दुसरा तो ठेवलेला नाही, कारण त्याने अर्जच केलेला नाही. अर्ज नाही म्हणून धारिका नाही, धारिका नाही म्हणून पाहणी नाही, आणि पाहणी नाही म्हणून तिथे पूर आल्याची नोंदही नाही. कागदोपत्री २०२१ चे पाणी फक्त माझ्या काठावर चढले. मी हे सर्कलसाहेबांना बोलून दाखवले, तेव्हा त्यांनी 'लेखी द्या' असे सुचवले. ते प्रामाणिक गृहस्थ आहेत आणि त्यांच्याकडे सात गावे आहेत, एवढे मला कळते. तरी त्या दिवशी मी त्यांच्याशी नीट बोललो नाही.

मुख्य आघात नंतर आला. पंचनामा वर गेला आणि तिथून त्रुटिपत्र आले. त्यात नेहमीच्या मागण्या होत्या : चालू सातबारा, मोजणीची 'क' प्रत, पोहोचरस्त्याचा पुरावा, नकाशाच्या जास्तीच्या प्रती. आणि शेवटी एक ओळ होती : 'पंचनाम्यात नमूद केलेल्या अर्जदाराच्या उंचीबाबत सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला जोडावा.'

मी दाखला काढला. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी कोणत्या कामासाठी हवा आहे असे विचारले आणि 'पुरासाठी' हे उत्तर ऐकून मला खुर्चीवर बसवून आधी रक्तदाब पाहिला. मग भिंतीवरच्या पट्टीशी उभे केले. वयोमानाने माणूस आटतो म्हणतात. उंची पाच फूट दीड इंच भरली. म्हणजे माझ्या अर्ध्या इंचाच्या ऱ्हासाने २०२१ चा महापूर पाऊण इंचाहून थोडा अधिक उतरला. पाटबंधाऱ्याच्या क्षेत्रात हे माझे एकमेव योगदान आहे. पंचनाम्यात तशी दुरुस्ती करायची तर पंचांची सही लागते, आणि नानांनी ती द्यायला नकार दिला आहे. दाखल्यात काय वाटेल ते लिहा, गोणपाट खाली आलेले नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

पूररेषा आखण्याच्या मागणीचे पत्र पहिल्या कार्यालयातून निघाले असून ते दुसऱ्या कार्यालयात पोहोचल्याची पोच अद्याप मिळालेली नाही. केबिन मात्र तयार आहे. पूर्ण पैसे घेऊन झाल्यावर केबिनवाल्याने ती आपल्या आवारात ठेवली आहे आणि तिचे भाडे तो माझ्याकडून दरमहा घेतो. मध्यंतरी ती पाहायला गेलो, तर दारात धुतलेली लुंगी वाळत होती आणि आत मासे तळल्याचा वास होता. तिथे त्याचा रखवालदार सहकुटुंब राहतो. त्याला कसलीही परवानगी लागलेली नाही.