दहावा माणूस

सुईला मी भीत नाही. सुई माझ्या दिशेने यायला लागली की मला एकदम जगाची काळजी वाटू लागते, एवढंच.

२०२१ साली ही काळजी फारच बळावली. तिला कारणही भक्कम होतं. जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनी एका बैठकीत हिशेब मांडला होता: ४९ सधन देशांत मिळून ३ कोटी ९० लाख डोस टोचून झाले, आणि एका अत्यंत गरीब देशात २५. लाख नव्हेत, हजार नव्हेत, नुसते २५. मी गहिवरलो. बायकोला म्हणालो, "अशा वेळी आपण दंड पुढे करणं माझ्या मनाला पटत नाही. माझा डोस तिकडे जाऊ दे."

"कोण नेणार तो?"

"कोव्हॅक्स!"

कोव्हॅक्स ही मला ऐनवेळी सापडलेली ढाल. जागतिक आरोग्य संघटना, लशींसाठी काम करणारी 'गावी' नावाची जागतिक संस्था वगैरे मंडळींनी २०२० मध्ये काढलेली योजना. सगळ्या देशांनी एकत्र लस घ्यायची आणि वाटून घ्यायची, म्हणजे ज्याच्या खिशात पैसे नाहीत तोही रांगेत उभा राहू शकेल. २४ फेब्रुवारीला तिचं पहिलं विमान पुण्यात बनलेले सहा लाख डोस घेऊन घानाच्या अक्रा शहरात उतरलं. पुढे भारतातच साथ उसळली, लशीची निर्यात जवळजवळ थांबली आणि पुण्याच्या भरवशावर बसलेले देश ताटकळले. हे सगळं मी घरात रोज वाचून दाखवायचो, शक्य तितक्या जड आवाजात.

बायकोने आठवडाभर ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, तुमच्या वाटणीचा डोस अक्राला जाणार नाहीये. कुपी एकदा उघडली की काही तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. तुम्ही गेला नाहीत तर तो केराच्या बादलीत जाईल. गरिबांच्या दंडात नव्हे."

मी लशीच्या स्वभावाकडे वळलो. काही लशी म्हणे उणे ७० अंशांत ठेवाव्या लागतात. इतके लाड तर जावयाचेही होत नाहीत. असली नाजूक वस्तू माझ्यासारख्याच्या अंगात टिकेल का? यावर लेक आतल्या खोलीतून ओरडली, "बाबा, तुम्हाला मिळणारी साध्या फ्रीजमध्ये राहते!"

आमच्या लेकीला इतिहासाची आवड आहे, आणि ती तिला मीच लावली याचा मला पश्चात्ताप होतो. तिने मला ॲना डस्टहॉलची गोष्ट सांगितली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत देवीची लस टोचून घेणारी ही मुलगी तीन वर्षांची होती. ती लस बगदाद, बसरा करत आली होती, तीही माणसांच्या दंडांतून. एकाला टोचायचं, त्याला फोड आला की त्यातली लस दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. त्याच्या पुढच्याच वर्षी बाल्मिस नावाच्या स्पॅनिश डॉक्टरने २२ अनाथ मुलं जहाजात घालून लस अमेरिका खंडाकडे नेली. दर नऊदहा दिवसांनी दोघांना टोचायचं, की साखळी चालू. म्हणजे मुलंच शीतपेट्या! त्या पोरांना कुणी विचारलं नसणार, हे माझ्या मनात आलं आणि क्षणभर माझी चेष्टा मलाच खुपली. तेवढ्यात लेक म्हणाली, "आणि चाचण्यांबाहेर फायझरची कोव्हिड लस जगात पहिल्यांदा घेणाऱ्या ब्रिटनच्या मार्गारेट कीनन ९० वर्षांच्या होत्या. तीन ते नव्वद, यात तुम्ही कुठे बसता?"

नोंदणी करायची राहिली होती. तिथे मात्र दैव माझ्या बाजूने होतं. ओटीपी येईपर्यंत जागा संपायच्या आणि मी रोज संध्याकाळी "अरेरे" म्हणून शांत झोपायचो. पाचव्या दिवशी लेकीने मोबाइल हातातून काढून घेतला आणि अर्ध्या मिनिटात माझा निकाल लावला.

केंद्रावर मी वेळेआधी पोचलो, पण आत गेलो नाही. फाटकापाशी उभा राहून सूचनाफलक वाचत होतो. तिसऱ्यांदा. तेवढ्यात सिस्टर बाहेर आल्या आणि बोट नाचवत मोजू लागल्या. "सात, आठ, नऊ. एक माणूस कमी आहे. कुपीत दहा डोस असतात, दहा जण झाल्याशिवाय उघडणार नाही."

नऊ माना फाटकाकडे वळल्या.

"तुम्ही टोचून घ्यायलाच आलात ना?" एका आजोबांनी विचारलं. "पाऊण तास झाला बसलोय आम्ही."

"मी जरा फलक..."

"आत येऊन वाचा!"

आयुष्यात इतक्या लोकांनी माझी इतक्या आतुरतेने वाट पाहिल्याचं मला आठवत नाही. लग्नातसुद्धा नाही. वर, दहावा असल्यामुळे माझा नंबर शेवटचा. नऊ जणांचे नऊ "स्स" मला ओळीने ऐकावे लागले.

"दंड सैल सोडा," सिस्टर म्हणाल्या.

"सोडलाय."

"खांदा कानाला टेकलाय तुमचा."

मग मी घाबरलो की जे करतो तेच केलं. त्यांना २५ डोसांचा हिशेब सांगायला लागलो. त्या म्हणाल्या, "बोला, बोला. बोलताना बरोबर सैल पडतो." मी कोव्हॅक्सवर आलो, विमानात सहा लाख डोस चढवले, आणि ते अक्राला उतरायच्या आत माझा अर्धा मिलिलिटर आत गेलेला होता.

पुढचा अर्धा तास देखरेखीच्या खोलीत. तिथे मला घसा आवळल्यासारखं झालं, मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि समोरच्या घड्याळात दीडच मिनिट झालं होतं. आजोबा शेजारी घोरत होते.

घरी मी दंड धरून वीरासारखा शिरलो. कुणी विचारलं नाही.

४ ऑगस्टला टेड्रोस यांनी जगाला आवाहन केलं: प्रत्येक देशातल्या निदान दहा टक्के लोकांना लस मिळावी म्हणून तिसरा डोस निदान सप्टेंबरअखेरपर्यंत थांबवा. मी ती बातमी कापून फ्रीजवर चिकटवली. संध्याकाळी पाहतो तर तिच्या शेजारी बायकोने एक चिठ्ठी लावलेली. त्यावर माझ्या दुसऱ्या डोसची तारीख होती.