वाघ दिसेल ना नक्की?

मार्च लागला की फोन सुरू. "तू नागपूरचा ना? शनिवारी ताडोबा करून दे बाप्पा!" अन् शनिवार परवावर आलेला! अहो, ताडोबा काय माझ्या परसात आहे? चंद्रपूर जिल्ह्यात आहे तो, इथून तीन तासांची वाट. मोहर्ली गेटचं सफारी बुकिंग कधीच भरून जातं, मंगळवारी जंगल बंद, एका जिप्सीत सहाच जण, ओळखपत्रं आधीच लागतात. दरवर्षी किती वेळा सांगू? पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असतं, तरी जुलैतही विचारतात!

आणि प्रश्न एकच: वाघ दिसेल ना? मागच्या खेपेला पहाटे चितळ ओरडलं, पाठोपाठ वानर खाकरलं, म्हणजे वाघ जवळपास असल्याचा इशारा! गाईडनं हात वर करून गाडी थांबवली. माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात मागून मावसभाऊ चिप्सचं पाकीट फोडत म्हणतो, "काहीच नाही इथं, चला पुढे!" काहीच नाही? गव्यांचा अख्खा कळप, मोहाखाली अस्वलाचे ताजे ठसे, हे काहीच नाही?

31 डिसेंबर 2024 ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण अन् तिच्या बछड्यांना गाड्यांनी घेरलं, हायकोर्टाला दखल घ्यावी लागली. याच हट्टापायी ना? फक्त वाघच बघायचा असेल तर मला फोन करू नका.